कट वाजत नाही

“…आणि वायर?”

“तीन बदलल्या, वस्ताद.”

“भिंतीतली डबी?”

“ॲडॅप्टर? नवाकोरा. तोच ॲडॅप्टर दुकानातल्या बाकी फोनांना तासाभरात टम्म फुगवतो.”

“बॅटरी?”

“दोनदा बदलली.”

रेडिओबाबांनी डोळे मिटले.

विश्राम डोईफोडे वाट बघत बसला. वस्ताद डोळे मिटून विचार करतात की सरळ झोपतात, हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

टेकडीवर पीराचा एक चौथरा, चौथऱ्याशेजारी चिंच, चिंचेखाली बाबांची झोपडी… बस, एवढंच. पण त्या चिंचेला आकड्यांपेक्षा तारा जास्त. बाबांचं एके काळी तालुक्याच्या स्टँडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ आणायचे सोडले तेव्हा त्यांनी शटर ओढलं, कुणी परत न नेलेले सत्तावीस रेडिओ बैलगाडीत घातले आणि वर येऊन राहिले. आता त्या रेडिओंच्या खोक्यांत पारवे राहतात. सकाळी सातच्या ठोक्याला सगळे एकदम घुमायला लागतात आणि खालच्या वाडीतली म्हातारी माणसं अजूनही बातम्या लागल्या म्हणून घड्याळ जुळवतात.

चिंचेतल्या तारांचं तर विचारूच नका. वारा पडला की त्यांत जुनी स्टेशनं लागतात. एकदा म्हणे चाळीस वर्षांपूर्वीचं हवामान लागलं, सातारा-सांगलीकडे मध्यम सरी, आणि तेवढ्या टेकडीपुरता पाऊस पडून गेला. चैत्रात. ज्याच्या डोक्यावर पडला त्या धनगरानंच हे सांगितलंय. धनगर टोपी पिळून दाखवायलाही तयार होता.

विश्राम हा याच बाबांच्या स्टुलाशेजारी बसून तारांना कथिलाचा डाग द्यायला शिकलेला. बाकी सगळे त्यांना बाबा म्हणतात, तो एकटा वस्ताद म्हणतो. आता त्याचं स्वतःचं मोबाईलचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे: ‘मेलेला आणा, बोलता न्या.’ आणि ते खोटं नाही. विहिरीत पडलेला, उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला, म्हशीनं चघळून रवंथ केलेला… विश्रामनं हात लावला की फोन ‘हॅलो’ म्हणतो. वीस वर्षांत त्यानं स्वतःचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

आज तोच फोन बाबांच्या झोपडीतल्या फळीवर पडला होता. छपरावर सौर पाटी होती, कुणीतरी नवस फेडायला दिलेली. खाली तिची बॅटरी, आणि बॅटरीला फोन लावायची फळी. त्या फळीला एक वायर, वायरीला विश्रामचा फोन. वायरीवरून एक गोगलगाय निघाली होती. ती आणि वीज दोघी एकाच वेळी निघाल्या असाव्यात, कारण गोगलगाय पुढे होती.

“कव्हर काढून बघितलंस?” बाबांनी डोळे न उघडताच विचारलं. म्हणजे झोपले नव्हते.

“काढलं.”

“तापतो?”

“फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतो.”

“आत काही गुपचूप चालू राहतं का?”

“सगळं बंद करून बघितलं. अख्खा फोन पुसून कोरा केला, परत भरला. काही फरक नाही.”

“किती दिवस झाले?”

“होतील… तीन वर्षं.”

बाबांनी एक डोळा उघडला.

“तीन वर्षं! आणि टेकडी आज चढलास?”

विश्राम ढगांकडे बघायला लागला. ढगांच्या सावल्या उतारावरून हळूहळू वर येत होत्या, चरायला सोडलेल्या जनावरांसारख्या.

“नंदूचा मेसेज आलाय,” तो शेवटी म्हणाला.

नंदू म्हणजे नंदिनी. त्याची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं. स्टँडवरच्या हॉटेलात, भजी तळणाऱ्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या देखत विश्राम तेव्हा म्हणाला होता, “मी वाद्यं दुरुस्त करून देईन. वाजवणाऱ्याला मुलगी देणार नाही. त्या मांडवावरून वारा आला तरी नाक धरीन!” आणि लग्नाच्या दिवशी तो दुकानाचा माल आणायला कोल्हापूरला गेला. सगळ्या तालुक्याला हे ठाऊक आहे. त्यानंच सांगितलं होतं.

“काय म्हणते?”

विश्रामला मेसेज पाठ होता. तरी त्यानं फोनकडे बघून वाचल्यासारखा म्हटला. “अण्णा, बाळ चार महिन्यांचं झालं. आज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करते. एकदाच करीन. नाही उचललात तर समजून घेईन.”

“मग?”

“मग काय, वस्ताद! व्हिडिओ कॉल बॅटरी ढोसतो. सकाळपासून लावलाय, आता कुठं नऊ टक्के. दोन मिनिटांत मान टाकील. म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

“तुझ्या दुकानात फोन किती?”

“असतील दीडशे.”

“चालू किती?”

“चालू किती म्हणजे? सगळे! माझ्या हाताखालून गेलेले.”

“त्यातल्या एखाद्यात ही सिमची चिप घातली असतीस तर?”

एक पारवा खोक्यातून बाहेर आला, विश्रामकडे बघितलं आणि परत आत गेला.

“आं?” विश्राम म्हणाला.

“सुचलं नाही?”

हे पाचवीतल्या पोराला सुचलं असतं. म्हशीलासुद्धा, जिनं फोन चघळला होता. विश्रामनं गळ्यातला रुमाल काढून घाम नसलेलं कपाळ पुसलं.

“विश्राम.”

“जी.”

“फोन बरा करून न्यायला आलायस की तो बरा होत नाही असा माझा दाखला न्यायला?”

विश्राम ताडकन उठला.

“वस्ताद, तुमचं आता वय झालं. रेडिओचं काम निराळं आणि हे निराळं. टाईप-सी म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?”

“नाही.”

“फास्ट चार्जिंग?”

“नाही.”

“मग?”

“वायर काढ आणि परत घाल.”

असं काही बाबा म्हणाले की गडी तीस वर्षं मागं जायचा. विश्राम बसला. त्यानं वायर काढली. परत घातली.

“परत.”

काढली. घातली.

“परत.”

ढगांच्या सावल्या चिंचेपर्यंत आल्या, ओलांडून गेल्या. टेकडीवर ऊन परत आलं, पण जरा जुनं झाल्यासारखं, तांबूस. विश्राम वायर काढत होता, घालत होता. सात वेळा झालं.

“काय ऐकू आलं?”

“काही नाही.”

“मीही तेच म्हणतो.”

फळीवर धनगराचा एक फोन चार्जिंगला होता. काचेला चिरा, पाठीला रबरबँड. बाबांनी हात लांब करून त्याची वायर काढली आणि परत घातली.

कट.

मुंगीनं साखरेचा दाणा फोडावा एवढाच आवाज. पण टेकडीवर दुसरं काही वाजत नव्हतं, त्यामुळे तो बराच वेळ तिथंच राहिला.

विश्रामचे कान लाल झाले. रोज चाळीस माणसांना तो हेच सांगायचा. “मावशी, कट वाजला पाहिजे. कट वाजला नाही म्हणजे वायर पुरती आत गेली नाही. जाईल कशी? भोकात कचरा आहे!” आणि काडीनं दोन मिनिटांत कचरा काढून, मावशीलाच दाखवून, वर दोन शब्द सुनावायचा.

“दुसऱ्याचा फोन आला की पहिल्यांदा काय बघतोस?” बाबांनी विचारलं.

“…भोक.”

“आणि याचं?”

“माझ्या फोनात कचरा नसतो, वस्ताद.”

“बघितलंस? तीन वर्षांत एकदा?”

विश्राम फोनची काच बाहीला पुसायला लागला.

“आण इकडं. आधी झोपव त्याला.”

विश्रामनं फोन बंद केला. बाबांनी खराट्यातून एक हीर ओढला, दातानं टोक चपटं केलं, मऊ केलं. रेडिओच्या दिवसांतही ते आधी हाच हीर वापरत. मशीनच्या पोटात पोलाद घालायचं ते शेवटी, म्हणायचे. त्यांनी फोन उन्हाकडे धरला, कानाजवळ नेला, परत उन्हाकडे धरला आणि हिराचं टोक आत सोडलं.

पहिल्यांदा खिशातली लव निघाली. थोडीथोडकी नाही. निघतच राहिली. चिंचेवरची एक चिमणी तिच्यावर टपून बसली होती, तिनं दोन खेपांत घरट्याचं अस्तर पुरं केलं. विश्रामला शरमेनं खाली बघवेना आणि वर चिमणीकडेही बघवेना.

मग हीर कशाला तरी टेकला.

टिक.

बाबांचा हात थांबला. त्यांनी हीर तिरका केला, एका कोपऱ्यातून हळूच उचकटलं आणि फोन तळहातावर उपडा करून मागून एक टिचकी मारली.

तळहातावर काहीतरी पडलं. तिळाएवढं.

“हे काय रे?”

विश्राम वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

“तांदळाची कणी,” तो म्हणाला.

“लाल कशी?”

खरंच लाल होती. कुंकू विटलं होतं, कडेला पांढरं पडलं होतं, पण मधे थोडं अजून होतं. कुणी हट्ट धरून बसावं तसं.

बाबांनी कणीकडे बघितलं, विश्रामकडे बघितलं.

“कोल्हापूरला मांडव होता वाटतं,” ते म्हणाले.

त्याच वेळी वारा पडला.

वारा पडला की त्या तारांत जुनं काहीबाही लागतं, हे आधी सांगितलंच आहे. चिंच एकदम गप्प झाली, पारवे गप्प झाले, आणि वरच्या तारेत बारीक खरखर सुरू झाली. मग खरखरीतून एक क्लॅरिनेट निघालं. नवरदेवाचंच, पण नवरदेव बोहल्यावर उभा, म्हणून दुसराच कुणी वाजवत होता, आणि बेसूर. मग भोंग्यातला भटजींचा आवाज. पोरांचं रडणं. कुणीतरी कुणाला तरी ‘अहो, वरमाईला पुढं घ्या’ म्हणत होतं. आणि मग सगळ्या मांडवानं एकदम ओढलेलं… सावधान!

ते खरंच तारेत लागलं होतं की विश्रामच्या कानात, हे बाबांना विचारायला पाहिजे. बाबा मात्र मान डोलावत होते.

विश्रामला सगळं दिसत होतं. मांडवाची शेवटची रांग, त्याही मागं मोठा ढोल, ढोलाआड तो स्वतः, तोंडाला हाच रुमाल बांधलेला. ताट घेऊन फिरणारी एक बाई त्याच्यासमोर थांबली होती. तिनं ओळखलं नाही. “घ्या, पाव्हणं,” म्हणाली आणि त्याच्या हातावर अक्षता घातल्या.

त्यानं मूठ मिटली.

पहिलं मंगलाष्टक झालं. सगळ्यांचे हात वर गेले. त्याचा गेला नाही. दुसरं झालं. तिसरं झालं. पुढच्या रांगांच्या डोक्यांवर लाल तांदूळ भुरभुरत होते आणि लांब, फार लांब, अंतरपाटाच्या वर नंदूच्या मुंडावळ्या हलत होत्या. प्रत्येक सावधानला तो हात उचलायला जायचा आणि हॉटेलातली भजी आठवायची, कंडक्टर आठवायचा. शेवटी अंतरपाट सरला, बँड फुटल्यासारखा वाजला, माणसं पुढं धावली. त्याची मूठ तशीच.

“टाकल्या नाहीस,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मग?”

“खिशात घातल्या. शर्टाच्या. …फोनही त्याच खिशात होता.”

“तिथंच खाली का नाही सोडल्यास?”

“अक्षता होत्या, वस्ताद. माझ्या नंदूच्या. लोकांच्या पायाखाली कशा येऊ द्यायच्या?”

“हं,” बाबा म्हणाले.

वारा परत सुटला. तारेतलं लग्न गेलं. पारवे घुमायला लागले.

बाबांनी वायर उचलली आणि फोनात घातली.

कट.

विश्रामनं फोन चालू केला. नऊ होते. बघता बघता दहा झाले, मग बारा. तीन वर्षं अडलेली वीज धावत आली आणि वाटेत गोगलगायीला गुदगुल्या करून गेली असावी, कारण गोगलगाय थबकली होती. विश्रामला मात्र आनंद झालेला दिसेना. तो आकड्यांकडे असा बघत होता, की जणू ते त्याच्याच अंगावर चालून येताहेत.

“आता तर बहाणाही उरला नाही,” तो पुटपुटला.

बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. ते उठले, चौथऱ्यापाशी गेले, पणतीत तेल घातलं. सूर्य डोंगराला टेकला होता. खालच्या वाडीत एक दिवा लागला. मग दुसरा.

फोन वाजला.

काचेवर नाव आलं. नंदू. तीन वर्षांत त्यानं सगळा फोन पुसून कोरा केला होता, पण ते नाव परत भरताना विसरला नव्हता.

पहिली रिंग गेली. बाबा पणती तशीच सोडून परत आले, ती लाल कणी विश्रामच्या उजव्या हातावर ठेवली आणि पुन्हा पणतीकडे गेले. विश्रामची मूठ आपोआप मिटली. सवय होती तिला.

दुसरी रिंग. तिसरी. एकदाच करीन, म्हणाली होती. हॉटेल आठवलं. कंडक्टर आठवला. भजी तळणारा झारा उगारून म्हणत होता, “काय शेठ, नाक धरणार होता ना?”

चौथी.

विश्रामनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं.

आधी नुसतं तपकिरी धुकं दिसलं. मग त्यातून एक इवलासा कान आला. मग अर्धं कपाळ, काजळाची तीट, आणि त्याच्या मागं, थोडं हललेलं, एक तोंड. लांब कुठंतरी कुणीतरी क्लॅरिनेटवर एकच सूर पुन्हा पुन्हा घासत होतं, आणि आता तो अगदी सुरेल लागत होता.

“अण्णा?” नंदू म्हणाली. “…अण्णा, दिसतोय का तुम्हाला? बघ रे, बघ, आजोबा…”

चित्र थिजलं. परत हललं. परत थिजलं. टेकडीवर रेंज वाऱ्याच्या मर्जीनं येते.

विश्रामचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. उजवा हात छातीपर्यंत वर आला होता, मूठ घट्ट मिटलेली. मेलेल्यांना बोलतं करणारा गडी… त्यानं फोनवरची नजर न काढता, अगदी हळू, पणतीकडल्या अंधुक आकृतीला विचारलं,

“वस्ताद, चौदाच टक्के आहेत. रेंज पण जातेय. …एवढ्यात ही कणी पोचेल तिच्यापर्यंत?”

बाबा वात पुढं सारत होते.

“मागच्या रांगेतल्या माणसाची अक्षत नवरीपर्यंत पोचलेली बघितलीयस कधी? …तरी टाकतातच की रे सगळे.”